कापलेल्या ऑडिओ फाइलला ‘टक’ येतो, शेवटचा शब्द तुटतो, वेळ चुकीची दिसते: कारणं आणि उपाय

खंजिरी भजनाचं दोन तासांचं रेकॉर्डिंग आहे आणि त्यातलं एकेक भजन वेगळं करायचं आहे. फाइल कापली, लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकली, बरी वाटली. मग पेन ड्राइव्ह गाडीत लावला. प्रत्येक भजन ‘टक’ आवाजाने सुरू होतं, शेवटचा ‘जय’ अर्धाच ऐकू येतो, आणि पाच मिनिटांच्या भजनाला स्टिरिओ सतरा मिनिटं दाखवतो. नागपुरात भजनी मंडळांची, भीमगीतांच्या कार्यक्रमांची, कीर्तनांची रेकॉर्डिंग घरोघरी आहेत आणि ती कापताना हीच तक्रार पुन्हा पुन्हा येते.

ती पुन्हा येते, कारण तिन्ही दोषांवर लोक एकच उपाय करतात: फाइल नव्याने कापतात. पण हे तीन वेगळे दोष आहेत. ‘टक’ येतो तो कापण्याच्या जागेमुळे किंवा एमपीथ्रीच्या रचनेमुळे, शब्द तुटतो तो शांतता ओळखण्याच्या सेटिंगमुळे, आणि वेळ चुकते ती फाइलच्या माथ्यावरच्या नोंदीमुळे. आधी दोष ओळखा, मग हात घाला.

ओळखायची सोपी रीत अशी. सदोष फाइल हेडफोन लावून दोन वेगळ्या प्लेअरवर ऐका, एकदा कॉम्प्युटरवर आणि एकदा मोबाइलवर. दोन्हीकडे त्याच जागी, तसाच ‘टक’ आला तर दोष आवाजातच आहे, म्हणजे कापताना झालेला. एकीकडे स्वच्छ आणि दुसरीकडे खरखर किंवा चिरका आवाज आला, तर दोष फ्रेमचा (एमपीथ्रीतला आवाजाचा छोटा गठ्ठा) किंवा हेडरचा (फाइलच्या माथ्यावरची नोंद) आहे. लॅपटॉपच्या स्पीकरवर ही परीक्षा होत नाही. ‘टक’मधला खालच्या पट्टीचा दणका तो स्पीकर वाजवतच नाही.

तुम्ही नेमकं काय कापताय?

डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅक फाइल उघडली की हातात सुटे नमुने, म्हणजे आवाजाच्या लाटेची क्षणोक्षणीची मापं असतात, सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,०००. त्यातल्या कोणत्याही नमुन्यावर कापता येतं.

एमपीथ्रीचं तसं नाही. तिथे आवाज फ्रेममध्ये बांधलेला असतो. नेहमीच्या एमपीथ्रीत एका फ्रेममध्ये ११५२ नमुने असतात, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला सुमारे २६ मिलिसेकंद. फ्रेमच्या मधोमध कापणं शक्य नाही. एकतर फ्रेमच्या सीमेवर कापायचं, नाहीतर पूर्ण फाइल उलगडून, कापून, पुन्हा एमपीथ्री करायची. मोबाइलच्या एम४ए फाइलमधल्या एएसी प्रकारात बहुतेक वेळा फ्रेम १०२४ नमुन्यांची असते, पण नियम तोच.

म्हणून काम सुरू करण्याआधी मूळ रेकॉर्डिंग कोणत्या प्रकारात आहे ते बघा. डब्ल्यूएव्ही असेल तर सगळी कापाकापी त्यातच करा आणि एमपीथ्री अगदी शेवटी, एकदाच बनवा. मूळच एमपीथ्री असेल तर फ्रेमच्या सीमेवर कापणारं सॉफ्टवेअर वापरा. विंडोजवर ‘एमपीथ्री डायरेक्ट कट’ हे काम मोफत आणि चोख करतं. एमपीथ्री उघडून ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं मोफत सॉफ्टवेअर) कापली आणि पुन्हा एमपीथ्री म्हणून एक्स्पोर्ट केली की दर्जा दुसऱ्यांदा घसरतो. १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ किलोबिट, यालाच बिटरेट म्हणतात) फाइल ३२० वर एक्स्पोर्ट केली तरी गेलेलं परत येत नाही, फक्त फाइल फुगते. खंजिरी, टाळ आणि टाळ्यांचा कडकडाट यांत ही घसरण सर्वांत आधी ऐकू येते. थापेच्या आधी एक पुसटसा ‘श्श’ ऐकू यायला लागतो आणि थाप बोथट होते.

‘टक’ येतो: सुट्या नमुन्यांच्या फाइलमध्ये

लाट वर असताना कापली तर फाइल शून्याऐवजी एकदम वरच्या आकड्यावरून सुरू होते. स्पीकरचा पडदा क्षणात उडी मारतो आणि तो धक्का ‘टक’ म्हणून ऐकू येतो. लाट जिथे शून्य रेषा ओलांडते तिथे कापा, असा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि ऑडॅसिटीत निवड केल्यावर झेड कळ दाबली की कडा जवळच्या शून्यबिंदूवर सरकतात. सल्ला बरोबर आहे, पण पुरेसा नाही. स्टिरिओ फाइलमध्ये डावा आणि उजवा आवाज एकाच क्षणी शून्यावर येतील याची खात्री नसते. एका बाजूला ‘टक’ उरतोच.

खात्रीचा उपाय म्हणजे छोटा फेड, म्हणजे आवाज शून्यापासून चढवणं (फेड इन) किंवा शून्यापर्यंत उतरवणं (फेड आउट). कापलेल्या तुकड्याचे पहिले ५ ते १० मिलिसेकंद निवडा, इफेक्ट मेनूतून फेड इन लावा. शेवटच्या १० ते २० मिलिसेकंदांना फेड आउट. ५ मिलिसेकंद म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला साधारण २२० नमुने, कानाला फेड म्हणून जाणवतसुद्धा नाहीत. एक काळजी मात्र घ्या. सुरुवात खंजिरीच्या किंवा ढोलकीच्या थापेवर असेल तर फेड थापेवर आणू नका. थापेच्या आधी २० ते ३० मिलिसेकंद मोकळी जागा ठेवून कापा आणि फेड त्या मोकळ्या जागेत लावा.

झेड कळ दाबूनही काही उपयोग होत नसेल तर ‘डीसी ऑफसेट’ तपासा. स्वस्त यूएसबी साउंड कार्डातून कॅसेट उतरवली की कित्येकदा पूर्ण लाटच मधल्या रेषेच्या थोडी वर किंवा खाली बसते. मग शांततेतसुद्धा आकडा शून्य नसतो आणि प्रत्येक कापावर ‘टक’ येतो. पूर्ण ट्रॅक निवडून नॉर्मलाइझ इफेक्टमधला ‘रिमूव्ह डीसी ऑफसेट’ हा पर्याय चालवा. आवाज वाढवायचा नसेल तर त्याच खिडकीतली पातळीची खूण काढून टाका. हे कापण्याच्या आधी करायचं आहे. तुकडे झाल्यावर प्रत्येकावर वेगळं चालवलं तर सांधे जुळत नाहीत.

अधिक बारकाईने काम करणाऱ्यांसाठी अजून एक गोष्ट. १६ बिटची फाइल फक्त कापून १६ बिटमध्येच परत द्यायची असेल, तर ऑडॅसिटीच्या प्रेफरन्सेसमध्ये क्वालिटी विभागात हाय क्वालिटी कन्व्हर्जनचा डिदर (एक्स्पोर्ट करताना मुद्दाम मिसळला जाणारा सूक्ष्म आवाज) ‘नन’ करा. नाहीतर न कापलेल्या भागातही अतिसूक्ष्म खरखर मिसळली जाते. फेड किंवा आवाज कमी-जास्त करणार असाल तर मात्र डिदर चालूच ठेवा.

‘टक’ किंवा ‘चिर्र’ येतो: एमपीथ्री थेट कापल्यावर

इथे कारण निराळं आहे. एमपीथ्रीची फ्रेम स्वतःपुरती पूर्ण नसते. एका फ्रेमला जागा कमी पडली तर ती मागच्या फ्रेममध्ये उरलेली जागा उसनी घेते. ही उसनवारी ५११ बाइटपर्यंत मागे जाऊ शकते. १२८ केबीपीएसला एक फ्रेम साधारण ४१७ बाइटची असते, म्हणजे पहिल्या फ्रेमचा मजकूर एक-दोन फ्रेम मागे पडलेला असू शकतो. तुम्ही नेमका तोच भाग कापून टाकला की सुरुवातीची फ्रेम अपुरी राहते. एखादा प्लेअर ती गप्प ठेवतो, एखादा त्यातून चिरका आवाज काढतो. दोन प्लेअरवर वेगळं ऐकू येण्याचं कारण हेच.

उपाय: कापाची जागा शांत निवडा. गायकाने श्वास घेतला ती जागा, समेनंतरची पोकळी, निवेदकाचं वाक्य संपल्यानंतरचा क्षण. तिथे एक-दोन फ्रेम गेल्या तरी ५० मिलिसेकंदांची शांतताच जाते. चालू तानेच्या मधोमध एमपीथ्री थेट कापून ती स्वच्छ सुरू होईल ही अपेक्षा ठेवू नका. तसं करणं भागच असेल तर तेवढा एक तुकडा ऑडॅसिटीत उघडून, फेड लावून, २५६ केबीपीएसला एक्स्पोर्ट करा आणि त्या एकाच तुकड्याचं नुकसान मान्य करा. ४४.१ किलोहर्ट्झच्या ३२० केबीपीएस फाइलमध्ये ही उसनवारी कमी किंवा अजिबात नसते, त्यामुळे तिथे हा दोष सहसा दिसत नाही.

पाच मिनिटांच्या फाइलला सतरा मिनिटं

व्हीबीआर एमपीथ्रीत प्रत्येक फ्रेमचा बिटरेट बदलता असतो. एकूण फ्रेम किती, एकूण बाइट किती याची नोंद फाइलच्या पहिल्या फ्रेममध्ये ठेवलेली असते. कापताना ही नोंद गेली, तर प्लेअर पहिल्या फ्रेमचा बिटरेट बघतो आणि फाइलच्या आकारावरून अंदाज लावतो. सुरुवात शांत असेल, पहिली फ्रेम ३२ केबीपीएसची निघाली आणि पुढचं गाणं सरासरी ११० केबीपीएसचं असेल, तर पाच मिनिटांची सतरा मिनिटं होतात. नोंद राहिली पण जुन्या अखंड फाइलचीच राहिली, तर तुकडा पूर्ण दोन तासांचा दिसतो.

आवाजात काही बिघडलेलं नसतं, त्यामुळे पुन्हा कापायची गरज नाही. फूबार २००० या प्लेअरमध्ये फाइलवर उजवी क्लिक करून युटिलिटीजमध्ये ‘फिक्स व्हीबीआर एमपीथ्री हेडर’ चालवा. सगळ्या फाइल एकदम निवडूनही होतं. नवी नोंद बसते, आवाजाला धक्का लागत नाही.

याच दोषाचं दुसरं रूप जास्त त्रास देतं. मोबाइलवर ऐकत ऐकत वहीत वेळ लिहिली: दुसरं भजन ६ मिनिटं १२ सेकंदांना, आठवं ४१ मिनिटं ५ सेकंदांना. कॉम्प्युटरवर त्याच वेळेला कापलं तर आठवं भजन दोन ओळी पुढे सुरू होतं. व्हीबीआर फाइलमध्ये पुढे उडी मारताना प्लेअर जागा अंदाजाने गाठतो, आणि जितकं पुढे जाल तितकी तफावत वाढू शकते. ज्या सॉफ्टवेअरमध्ये कापणार, त्यातच वेळ पाहा. वहीतली वेळ फक्त जवळपास पोहोचण्यापुरती.

शांतता ओळखून आपोआप तुकडे: कूलर चालू असताना

ऑडॅसिटीच्या ॲनालाइझ मेनूत ‘लेबल साउंड्स’ आहे. ते शांत जागा शोधून आवाजाच्या भागांना खुणा करतं. व्याख्यानावर ते सुरेख चालतं, भजनावर अडखळतं, आणि नागपूरच्या एप्रिल-मेमधल्या रेकॉर्डिंगवर बरेचदा पूर्ण फसतं. मंडपात किंवा सभागृहात कूलर चालू असतो, त्याची घरघर उणे ३८ डेसिबलच्या आसपास कायम उभी असते, आणि सॉफ्टवेअरला शोधायला सांगितलेली शांतता उणे ४८ची असते. ती या फाइलमध्ये कुठेच नाही. म्हणून दोन तासांचं एकच लेबल मिळतं.

आधी शांततेची खरी पातळी मोजा. कोणी बोलत-गात नाही असे दोन-तीन सेकंद निवडून वाजवा आणि प्लेबॅक मीटर पाहा. थ्रेशोल्ड (ज्याच्या खालचं सगळं शांतता मानलं जातं ती पातळी) त्या आकड्याच्या ५ ते ६ डेसिबल वर ठेवा. मीटर उणे ३८ दाखवत असेल तर उणे ३२. एवढं केलं की व्याख्यानाचं काम बहुधा होतं.

गाण्यासाठी हे पुरत नाही, कारण थ्रेशोल्ड वर नेला की गायकाचे हलके स्वरही शांततेत गणले जातात. तिथे नक्कल ट्रॅकची युक्ती वापरा. पूर्ण ट्रॅक निवडून कंट्रोल-डी दाबा, नक्कल तयार होते. फक्त नकलेवर हाय-पास फिल्टर लावा: २०० हर्ट्झ, रोल-ऑफ २४ डेसिबल. कूलरच्या मोटरची घरघर आणि विजेचा ५० हर्ट्झचा गुंजारव, त्याच्या १०० हर्ट्झच्या पडसादासकट, दबतो. त्यावरच लो-पास ४००० हर्ट्झला लावला की हवेचा ‘सूं’सुद्धा उतरतो. आता नकलेवर लेबल साउंड्स चालवा. खुणा मिळाल्या की नक्कल काढून टाका. खुणा राहतात आणि मूळ ट्रॅक अस्पर्श राहतो.

शेवटचा शब्द तुटण्याचं मूळही इथेच आहे. ‘स’, ‘श’, ‘ह’ने संपणारे शब्द आणि सभागृहातला घुमारा पातळीच्या खाली आधीच जातात, पण कानाला ते ऐकू येत असतात. लेबल साउंड्समध्ये आवाजाच्या आधी आणि नंतर किती शांतता ठेवायची ते सांगता येतं. आधी ०.२ सेकंद आणि नंतर किमान ०.८ सेकंद ठेवा. सुरेश भट सभागृह किंवा वसंतराव देशपांडे सभागृह यांसारख्या मोठ्या जागेतलं रेकॉर्डिंग असेल तर नंतर दीड सेकंद ठेवा. सर्वांत कमी शांतता किती मानायची, तो आकडा व्याख्यानाला १ सेकंद चालतो. भजनाला २ ते ३ लागतो, नाहीतर कडव्या-कडव्यामध्ये तुकडे पडतात.

हार्मोनियमचा स्वर किंवा तंबोरा अखंड धरलेला असेल, कव्वालीच्या ढंगातली भीमगीतं एकातून एक निघत असतील, किंवा मारबतीच्या मिरवणुकीचं रेकॉर्डिंग असेल, तर आपोआप कापण्याचा नाद सोडा. तिथे शांतता नाहीच. ऐकत जा आणि जागा आली की कंट्रोल-एम दाबा, वाजत असतानाच खूण पडते. नंतर प्रत्येक खूण जवळून पाहून सरकवा. दोन तासांच्या रेकॉर्डिंगला हे काम दोन तासांहून थोडं जास्त खातं, पण चुकीचे आपोआप तुकडे जुळवत बसण्यापेक्षा ते लवकर संपतं.

खुणा बरोबर होत्या, तरी तुकडे सरकले

ऑडॅसिटीत हा घोटाळा फार होतो. सगळ्या खुणा केल्या, मग मधला खोकला किंवा माइकची शिट्टी काढून टाकली. पुढचा आवाज चार सेकंद अलीकडे सरकला, खुणा जागच्या जागी राहिल्या. तिथून पुढचा प्रत्येक तुकडा चार सेकंद उशिरा सुरू होतो. ट्रॅक्स मेनूतलं ‘सिंक-लॉक’ (खुणा आवाजाबरोबर सरकवणारी सोय) आधीच चालू करा, किंवा काटछाट पूर्ण संपल्यावरच खुणा करा. दुसरा मार्ग जास्त सुरक्षित.

खोकला काढताना तिथे कोरी शांतता भरू नका. कूलरची घरघर अचानक बंद पडते आणि कान लगेच तिथे जातो. त्याच रेकॉर्डिंगमधल्या रिकाम्या जागेची तेवढीच घरघर कॉपी करून बसवा आणि दोन्ही सांध्यांवर ३० ते ५० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक आवाज उतरत असताना दुसरा चढवणं) द्या.

एक्स्पोर्ट करताना ‘मल्टिपल फाइल्स’ निवडून खुणांनुसार तुकडे करा. बिंदूची खूण असेल तर तुकडा पुढच्या खुणेपर्यंत जातो, पट्ट्याची असेल तर पट्ट्यापुरताच. एकाच फाइलमध्ये दोन्ही प्रकार मिसळले तर काही तुकड्यांत निवेदन येतं आणि काहींतून गळतं. एकच प्रकार ठेवा. पहिल्या खुणेच्या आधीचा भाग हवा असेल तर शून्यावरही एक खूण करा.

खुणेचं नाव हेच फाइलचं नाव होतं, म्हणून त्यात तिरपी रेघ, विसर्गासारखे दोन ठिपके, प्रश्नचिन्ह, तारा किंवा दुहेरी अवतरण नको. विंडोज ते स्वीकारत नाही. तारीख १४/१० अशी न लिहिता १४-१० लिहा. क्रमांक ०१, ०२ असे द्या, नाहीतर १ नंतर १० लागतो. गाडीचे बरेच स्टिरिओ तर नावाने नव्हे, पेन ड्राइव्हवर ज्या क्रमाने फाइल गेली त्या क्रमाने वाजवतात. तिथे पेन ड्राइव्ह फॉरमॅट करून फाइल क्रमाने, एकेक कॉपी करणं हाच उपाय.

दोन तुकड्यांच्या मध्ये खंड

अखंड चालणारी भजनं तोडली की एमपीथ्रीत ठेका लंगडतो. एन्कोडर (एमपीथ्री बनवणारा) आणि डिकोडर (वाजवताना ती उलगडणारा) मिळून फाइलच्या सुरुवातीला अकराशेच्या आसपास नमुने कोरे घालतात, म्हणजे २५ मिलिसेकंद, आणि शेवटची फ्रेम भरायला आणखी काही. लेम एन्कोडर ही भर फाइलमध्ये नोंदवून ठेवतो आणि फूबारसारखे प्लेअर ती वगळतात, पण गाडीचे बहुतेक स्टिरिओ वगळत नाहीत. कॉम्प्युटरसाठी फ्लॅक वापरा, त्यात हा खंड येत नाही. गाडीसाठी अखंड साखळी तोडूच नका, तीन-चार भजनांचा एकच तुकडा ठेवा.

ऑडिओ सीडी करायची असेल तर आणखी एक अट आहे. सीडीवर सेकंदाचे ७५ भाग असतात, प्रत्येक ५८८ नमुन्यांचा. तुकड्याची लांबी ५८८च्या पटीत नसेल तर उरलेली जागा शून्याने भरली जाते आणि सांध्यावर ‘टक’ येतो. ऑडॅसिटीच्या निवडीच्या वेळेचं स्वरूप सीडी फ्रेम करून ‘स्नॅप’ चालू ठेवा, कडा आपोआप पटीत बसतात.

फाइल उघडतच नाही, किंवा अर्धवट उघडते

रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली तर डब्ल्यूएव्हीच्या हेडरमध्ये लांबी शून्यच राहून जाते. आकार ६०० एमबी दिसतो, वाजत काहीच नाही. ऑडॅसिटीत इम्पोर्टमधून ‘रॉ डेटा’ निवडा: साइन्ड १६ बिट पीसीएम, लिटल एंडियन, २ चॅनल, ४४१०० हर्ट्झ, सुरुवातीचा ऑफसेट ४४ बाइट. सूर खाली आणि चाल संथ वाटली तर मूळ ४८,०००चं आहे. ते ४४,१००ला उघडलं की सूर जवळजवळ दीड अर्धस्वर उतरतो. नुसता कर्कश गोंगाट आला तर आधी बिट तपासा, रेकॉर्डर २४ बिटवर असू शकतो. तेही बरोबर असेल तर ऑफसेट एकेक बाइटने वाढवून बघा.

लांब रेकॉर्डिंगला ४ जीबीची मर्यादा आहे. डब्ल्यूएव्हीच्या हेडरमध्ये त्याहून मोठा आकडा मावत नाही आणि एफएटी३२ कार्डावरही मोठी फाइल बसत नाही. १६ बिट, ४४.१ स्टिरिओला ही मर्यादा सुमारे पावणेसात तासांनी येते, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला चार तास आठ मिनिटांनी. काही रेकॉर्डर २ जीबीलाच नवी फाइल सुरू करतात. दीक्षाभूमीवरच्या दिवसभराच्या कार्यक्रमासारखं रेकॉर्डिंग असेल तर असे तुकडे आधी क्रमाने एका ट्रॅकवर, टोकाला टोक लावून जोडा, सांधा ऐका, आणि मगच भजन किंवा भाषणाप्रमाणे कापा. मूळ तुकडे मात्र दुसऱ्या डिस्कवर जसेच्या तसे ठेवा. ऑडॅसिटीची एयूपीथ्री फाइल म्हणजे प्रकल्प आहे, गाडीत किंवा मोबाइलच्या प्लेअरवर ती वाजत नाही.

सगळं एक्स्पोर्ट झालं की प्रत्येक फाइलचे पहिले पाच आणि शेवटचे पाच सेकंद हेडफोनवर ऐका, आणि ज्या यंत्रावर ती वाजणार आहे त्यावर कोणत्याही दोन फाइल पूर्ण वाजवून बघा. मूळ फाइल त्यानंतरच कपाटातल्या डिस्कवर हलवा.